इस्लाह कानात, दाद चारचौघांत

उर्दूत ‘अदब’ या एकाच शब्दाला दोन अर्थ आहेत. साहित्य म्हणजे अदब आणि माणसामाणसांत वागण्याची रीत म्हणजेही अदबच. आपल्या घरांतून दुसरा अर्थ आधी शिकवला जातो. पहिला पुढे शाळा-कॉलेजात कळतो. पहिल्या अर्थाच्या अदबचा कारभार पाहणारे आपण लेखक, प्राध्यापक, संपादक दुसरा अर्थ कुठे ठेवून आलो, हा प्रश्न मला गेल्या वर्षी एका रात्री पडला. त्या रात्रीची हकिगत सांगितल्याशिवाय पुढचे विवेचन करणे अप्रामाणिकपणाचे होईल. कारण त्यात मीही दोषी आहे.

मराठीत लिहिणाऱ्या मुस्लिम कवी-लेखकांचा मोबाइलवर एक समूह आहे. दोनेकशे सभासद. निवृत्त शिक्षक, प्राध्यापक, दोन-चार वकील, बरेच कवी आणि अलीकडे जोडली गेलेली कॉलेजची मुले-मुली. त्या रात्री एका तालुक्याच्या गावातील, पदवीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या मुलीने आपली कविता टाकली. कविता तिच्या वारलेल्या नानीवर होती. नानी गेल्यावर तिचे पानदान फळीवर तसेच राहिले आहे. कुणी ते उघडत नाही. एक दिवस नात ते उघडते. आत चुना वाळून कडक झालेला आणि त्यात नानीच्या बोटाचा खड्डा तसाच. कविता एवढीच. मात्र तीत तीन ठिकाणी ‘नानीचा पानदान’ असे आले होते.

पाचच मिनिटांत एका ज्येष्ठ कवींचा शेरा आला. आधी लिंग शिका, मग कविता लिहा. त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. दुसऱ्या एका सद्गृहस्थांनी ‘तुम्ही उर्दूतच लिहीत जा’ असा सल्ला दिला. तिसऱ्याने विचारले, नाव खरे आहे की टोपण, आणि फोटो का लावला नाही? पहिल्या शेऱ्यावर मीही एक हसरा चेहरा टाकला होता. शेरा चटपटीत होता, लिहिणारे जुने स्नेही होते आणि बोट आपोआप गेले. वीसेक मिनिटांनी खाली एक ओळ उमटली. ती मुलगी समूहातून बाहेर पडली होती. त्यावर कुणीही काही बोलले नाही. सकाळी नेहमीप्रमाणे शुभेच्छांची फुले आली.

गेली तीस वर्षे मी समीक्षा लिहितो. त्या कवितेचा विचार मात्र मी ती मुलगी निघून गेल्यावर केला. तो असा.

‘पानदान’ हा शब्द मराठीत नपुंसकलिंगी आहे, हे खरेच. पण उर्दूत तो पुल्लिंगी आहे आणि आपल्या घरांत बोलल्या जाणाऱ्या दखनीतही. दखनीला मुळात नपुंसकलिंगच नाही. ‘मैदान’ उर्दूत पुल्लिंगी, ‘दुकान’ स्त्रीलिंगी. मराठीत आल्यावर दोन्ही नपुंसकलिंगी झाले. सोलापूर-लातूर-बीडच्या मोहल्ल्यातले मूल शाळेत जाते तेव्हा ते असे शेकडो शब्द एका लिंगातून दुसऱ्यात नेत असते. शब्द तोच, अर्थ तोच, पण उंबरठा ओलांडला की त्याचे व्याकरण बदलते. हे ओझे शेजारच्या बाकावरच्या मुलाला नसते. तेव्हा त्या मुलीची चूक निष्काळजीपणातून आलेली नव्हती. नानीचा शब्द तिने नानीच्या लिंगासह आणला होता.

जाणत्या माणसाने तिला काय सांगायला हवे होते? दोन वाक्ये पुरली असती. कवितेत निवेदन तुझे आहे तिथे मराठीच्या रीतीने ‘नानीचं पानदान’ कर. आणि नानी स्वतः बोलते अशी एखादी ओळ आलीच, तर तिच्या तोंडी शब्द तिच्या लिंगातच राहू दे. या सल्ल्याने व्याकरणही सांभाळले जाते आणि नानीही. शिवाय दोन लिंगांतला हा फरकच कवितेचे बळ होऊ शकतो, हे त्या मुलीच्या ध्यानात आले असते. नानी गेली म्हणजे घरातली एक भाषा गेली, हे त्या एका शब्दाच्या लिंगावरून सांगता येते.

आणि वाळलेल्या चुन्यातल्या बोटाच्या खड्ड्याचे काय? आजी-नानीवरच्या कविता आपण ढिगाने वाचतो. त्यांत सुरकुत्या असतात, तसबीह असते, दुआ असते. डबा उघडून आत पाहणारी कविता माझ्या तरी वाचनात नव्हती. गेलेल्या माणसाचा इतका नेमका ठसा पहिल्या-दुसऱ्या कवितेतच सापडणे ही साधी गोष्ट नाही. तेवढे चारचौघांत म्हणायला हवे होते. दोनशे माणसांतल्या एकानेही ते म्हटले नाही. जे कानात सांगायचे ते चव्हाट्यावर सांगितले गेले आणि जे चव्हाट्यावर सांगायचे ते कुणी सांगितलेच नाही.

नवोदिताला दुरुस्त करण्याची एक जुनी व्यवस्था आपल्या परंपरेत होती. तिला इस्लाह म्हणत. इस्लाह म्हणजे सुधारणा. शागिर्द आपली गझल उस्तादाकडे नेई किंवा टपालाने पाठवी. उस्ताद एखादा शब्द खोडून दुसरा सुचवी, एखाद्या शेरावर नुसती बरोबरची खूण करी, एखादा शेर काढून टाकायला सांगे. मग ती गझल मुशायऱ्यात वाचली जाई आणि तिला दाद मिळे. म्हणजे दुरुस्ती दोघांत होई आणि कौतुक सभेत. हा क्रम योगायोगाने पडलेला नव्हता. माणूस सुधारावा, पण त्याची मान खाली जाऊ नये, हे शहाणपण त्या क्रमात होते.

मौलाना हालींचेच उदाहरण घेऊ. हालींचा जन्म १८३७ चा, पानिपतचा. सतरा वर्षांचे असताना, १८५४ च्या सुमारास, शिक्षणाच्या ओढीने ते घरी न सांगता दिल्लीला आले. तिथे ते मिर्झा गालिबकडे जाऊ लागले. गालिबच्या कवितेतल्या अवघड जागांचे अर्थ ते त्यालाच विचारत. पुढे आपल्याही एक-दोन गझला त्यांनी भीत भीत दाखवल्या. गालिब सहसा कुणाला कविता करण्याचा सल्ला देत नसे. या पोराला मात्र तो म्हणाला की, तू कविता केली नाहीस तर स्वतःच्या स्वभावावर जुलूम करशील. ही आठवण हालींनीच लिहून ठेवली आहे. तेव्हा गालिब पन्नाशी ओलांडलेला, दिल्लीच्या दरबारात मान असलेला कवी होता आणि समोर घरातून पळून आलेला एक मुलगा. त्याच मुलाने पुढे १८७९ मध्ये ‘मुसद्दस’ लिहिले, १८९३ मध्ये ‘मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी’ लिहून उर्दू समीक्षेचा पाया घातला आणि १८९७ मध्ये ‘यादगार-ए-गालिब’ लिहून गालिबला पुढच्या पिढ्यांपर्यंत पोहोचवले. त्या दिवशी गालिबने त्या गझलांवर एखादी कोटी करून बैठक हसवली असती, तर नुकसान हालींचेच झाले नसते. गालिबचेही झाले असते.

दुसरे उदाहरण टपालाचे. दाग देहलवी आयुष्याच्या अखेरच्या काळात हैदराबादला निजामांचे उस्ताद होते. आपला मराठवाडाही तेव्हा त्याच राज्यात होता. देशभरातून गझला दागांकडे दुरुस्तीसाठी येत. पंजाबातून गझला पाठवणाऱ्यांत तरुण इक्बालही होते. १९२४ साली निघालेल्या ‘बांग-ए-दरा’च्या प्रस्तावनेत सर अब्दुल कादिर यांनी नोंदवले आहे की, थोड्याच दिवसांत दागांनी आता दुरुस्तीला फारशी जागा उरलेली नाही असे कळवून टाकले. दोघांचा प्रत्यक्ष सहवास नव्हता. मधले अंतर शेकडो मैलांचे. म्हणजे न पाहिलेल्या माणसाशी लेखणीने संबंध ठेवणे ही गोष्ट आपल्याला मोबाइलने शिकवलेली नाही. ती जुनी आहे. नवी आहे ती बेफिकिरी.

आणखी एक गंमतीचा आणि उद्बोधक प्रकार शौक संदेलवी यांनी केला. आपल्या त्याच त्या गझला त्यांनी टपालाने अनेक उस्तादांकडे पाठवल्या आणि प्रत्येकाची दुरुस्ती ‘इस्लाह-ए-सुखन’ नावाच्या पुस्तकात एकत्र छापली. एका उस्तादाने जो शेर उत्तम म्हणून सोडला तोच दुसऱ्याने बदलला, आणि तिसऱ्याने बदलला तो वेगळ्याच कारणाने. मोठ्यांचा अधिकार मानूनही एवढे ध्यानात ठेवले पाहिजे की ‘चूक’ म्हणून आपण जे पोराच्या तोंडावर मारतो ते पुष्कळदा आपल्या रुचीचे मत असते.

जुना काळ सगळा सोन्याचा होता असे मात्र मी म्हणणार नाही. मुहम्मद हुसेन आझाद यांच्या ‘आब-ए-हयात’ (१८८०) मध्ये इन्शा आणि मुसहफी यांच्या भांडणाची वर्णने आहेत. लखनौच्या रस्त्यांवर शागिर्दांच्या मिरवणुका काढून एकमेकांची बेअब्रू करण्यापर्यंत मजल गेली होती. स्त्रियांना तर उस्तादाचा दरवाजा सहसा उघडाच नसे. निनावी शिवीगाळही आजची नाही. ‘बुरहान-ए-कातेअ’ या प्रतिष्ठित फारसी कोशातल्या चुका दाखवणारे पुस्तक गालिबने १८६२ साली काढले, तेव्हा त्याला सही नसलेली, शिव्यांनी भरलेली पत्रे येऊ लागली. म्हातारपणी तो ती पत्रे वाचत बसे.

त्याच काळातला एक प्रसंग हालींनी स्वतःला लाज वाटावी अशा प्रामाणिकपणे सांगितला आहे. तरुणपणाच्या धार्मिक उत्साहात त्यांनी गालिबला पाच वेळच्या नमाजाबद्दल लांबलचक उपदेश लिहून दिला. विशीतल्या मुलाने साठी ओलांडलेल्या उस्तादाला! आज एखाद्या मुलाने असे केले तर आपण त्याला काय म्हणू? उद्धट, आगाऊ, घरी संस्कार नाहीत. गालिबने स्वतःलाच गुन्हेगार ठरवून, आपल्यासारख्या पापी माणसाच्या मयतीचे काय करावे याचे बोचरे, विनोदी वर्णन करून उत्तर दिले. पोराला दार दाखवले नाही. हाली ओशाळले, आणि त्या ओशाळण्यातून जे शिकले ते कुठल्याही झापण्याने शिकले नसते. तरुण मुले चुकतात त्यात पुष्कळदा उद्धटपणाही असतो. तोही सोसावा लागतो. गोड, नम्र, आज्ञाधारक पोरांशीच चांगले वागण्याला काही फारशी थोरवी लागत नाही.

मराठीतही पत्राने लेखक घडवण्याची रीत होती. ‘सत्यकथे’च्या काळात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी नव्या लेखकांना लिहिलेली पत्रे, सुचवलेले फेरबदल, हा मराठी वाङ्मयाच्या इतिहासातला आदराचा भाग आहे. पण त्याच ‘सत्यकथे’ची होळी १९६९ साली राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी केली, हेही त्याच इतिहासात आहे. संपादकांची पत्रे कितीही सौजन्याची असोत, आपले जगणे आणि आपली भाषा त्या दारातून आत जाऊ शकत नाही असे त्या तरुणांना वाटले. तेव्हा गोड बोलणे एवढाच आदर नव्हे. समोरच्याची भाषा ही भाषा आहे आणि त्याचा अनुभव हा अनुभव आहे, हे मान्य करणे हा आदर. ‘नानीचा पानदान’ला हसणारे आम्ही शिष्ट भाषेत हसलो असतो तरी अन्याय तोच झाला असता.

आता आपल्या मुलांचा प्रश्न वेगळा का आहे ते सांगतो. मराठीत लिहू पाहणारा मुस्लिम तरुण दोन दारांत उभा असतो. बाहेरच्या दारात त्याला ऐकावे लागते, ‘अरे वा, तुझं मराठी छान आहे!’ हे कौतुक नसते. त्यात आश्चर्य असते, आणि त्या आश्चर्यात परकेपणा. घरच्या दारात विचारले जाते, ‘उर्दू सोडून हे काय?’ श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’, बार्शीच्या अमर शेखांची शाहिरी, चिपळूणजवळच्या मिरजोळीत जन्मलेल्या हमीद दलवाईंची ‘इंधन’ ही १९६५ ची कादंबरी, ही सगळी नावे आपण दोन्ही दारांत पुन्हा पुन्हा सांगतो. तरी प्रश्न संपत नाहीत. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा आपल्याला तिसरे घर मिळाले. तिथे नाव सांगितल्यावर कुणी भुवया उंचावणार नव्हते आणि भाषेबद्दल खुलासा द्यावा लागणार नव्हता. संमेलन अधूनमधून भरते. मोबाइलवरचा समूह रोज भरतो. आजच्या मुलामुलींना आपले साहित्यिक घर पहिल्यांदा दिसते ते तिथेच.

त्या घरात त्या मुलीला बाहेरचे आणि घरचे असे दोन्ही टोमणे एकाच रात्री मिळाले. तुझे मराठी कच्चे आहे. तू उर्दूत लिही. आणि वर फोटो का नाही ही चौकशी. आता ती चौथे घर कुठे शोधणार? आपले तरुण लिहीत नाहीत, वाचत नाहीत, अशी तक्रार आपण प्रत्येक परिसंवादात करतो. ते लिहितात. आपण त्यांना कसे भेटतो, याचा परिसंवाद अजून झालेला नाही. हालींनी १९०५ मध्ये ‘चुप की दाद’ लिहून मुकाट्याने सोसणाऱ्या स्त्रियांना दाद दिली. त्या समूहात कविता न टाकता नुसत्या वाचत बसलेल्या आणखी किती मुली त्या रात्री कायमच्या गप्प झाल्या असतील, हे आपल्याला कधीच कळणार नाही.

लहानांवर दया न करणारा आणि मोठ्यांचा मान न राखणारा आपल्यातला नव्हे, अशा आशयाची हदीस आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. आपण तिचा उत्तरार्ध पाठ केला. मोठ्यांचा मान कसा राखावा याचे धडे पोरांना रोज देतो. पण त्या वाक्यात लहानांचा हक्क आधी आला आहे. हजरत अनस यांनी दहा वर्षे पैगंबरांची सेवा केली. आले तेव्हा ते दहा वर्षांचे होते. या काळात पैगंबरांनी आपल्याला कधी ‘उफ्’सुद्धा म्हटले नाही, अमुक का केलेस असे विचारले नाही, असे ते सांगत. दहा वर्षांत त्या मुलाच्या हातून काही चुकलेच नसेल असे कोण म्हणेल?

इथे एक शंका रास्त आहे. दुरुस्ती कानात करा असे म्हणता. पण वडीलधाऱ्या पुरुषांनी कॉलेजातल्या मुलींना एकेकट्या संदेश पाठवत बसायचे काय? हा धोका खरा आहे. मार्गदर्शनाच्या नावाखाली काय काय चालते हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून खाजगी आणि चोरटे यांतला फरक स्पष्ट केला पाहिजे. आधी सर्वांसमक्ष विचारावे, ‘काही सुचवायचे आहे, चालेल का?’ नको म्हटले तर विषय संपला. मुलींसाठी समूहातल्या एखाद्या ज्येष्ठ लेखिकेने हे काम पत्करावे. बोलणे कवितेपुरते असावे. वय, फोटो, पडदा, घराणे यांची चौकशी तिथे नको. अठराच्या आतले मूल असेल तर त्याच्या शिक्षकांना किंवा घरच्यांना ठाऊक असल्याशिवाय पुढे जाऊ नये.

याबाबतीतही गालिबच उपयोगी पडतो. १८५८ साली त्याची पत्रे छापण्याची कल्पना निघाली तेव्हा त्याने विरोध केला होता. पुढे मात्र ‘ऊद-ए-हिंदी’ १८६८ मध्ये आणि ‘उर्दू-ए-मुअल्ला’ १८६९ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांत, प्रसिद्ध झाले. छापण्यासाठी न लिहिलेली ती पत्रे आज दीडशे वर्षांनंतर आपण वाचतो आणि शागिर्दांशी तो ज्या जिव्हाळ्याने बोलतो तो पाहून त्याच्याबद्दलचा आदर वाढतो. तेव्हा कसोटी सोपी आहे. एकट्याला लिहिलेले उद्या त्याच्या आईच्या हाती पडले किंवा छापले गेले, तर आपली मान खाली जाईल का?

माझी मान त्या रात्रीच्या एका हसऱ्या चेहऱ्याने खाली गेली आहे. अपमान समूहात झाला होता म्हणून माफीही मी समूहातच मागितली. पानदानाच्या लिंगाबद्दल आणि चुन्यातल्या खड्ड्याबद्दल वर लिहिले ते तिथे लिहिले. ज्येष्ठ स्नेही नाराज झाले. ‘पोरांना इतकं डोक्यावर घेऊ नका’ म्हणाले. मुलीच्या कॉलेजातल्या मराठीच्या बाईंमार्फत मी तिला पत्र पाठवले. कविता या वार्षिकासाठी द्यावी, एक शब्द बदलावा की नाही हे तिने ठरवावे, असे त्यात लिहिले होते. बाईंनी पत्र पोहोचल्याचे कळवले आहे. मुलीचे उत्तर हा मजकूर छापायला जाईपर्यंत आलेले नाही. ती समूहातही परत आलेली नाही. यायलाच हवे असा आग्रह धरण्याचा अधिकार आम्हाला उरलेला नाही.

तिची कविता आली असती, तर या पानांवर माझ्या लेखाऐवजी ती असती.